बगळ्याच्या पावलाचा ठसा

ओनो, १४ ऑक्टोबर २००३

प्रिय दादा,

तुला आणि वहिनींना नमस्कार. पत्राची सुरुवात हवापाण्यानं करायची असते, तर करते. खाचरांतलं भात कापून झालं, बांधावरची तांबडी लिली फुलून सुकलीसुद्धा, आणि सकाळी अंगावर काहीतरी घेतल्याशिवाय बाहेर निघवत नाही. वहिनींचा गुडघा कसा आहे? जिने चढू नका म्हणावं. त्या ऐकणार नाहीत, पण तू सांग.

फोन करायचा सोडून हिला पत्राचं काय सुचलं, असं तुला वाटेल. अरे, फोन आहे बाबांच्या खोलीच्या दाराशी. आणि डोळे नवे करून आल्यापासून त्यांचे कानही नवे झालेत की काय कोण जाणे, मी हळू बोलले तरी आतून विचारतात, "कोण आहे? काय म्हणतोय?" म्हणून हे लिहायला बसले.

डोळ्यांचं तुला फोनवर अर्धवटच कळलंय. उन्हाळ्यात केलेली मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं छान झाली. त्र्याऐंशीव्या वर्षी माणूस चष्म्याशिवाय पेपर वाचतोय, आणखी काय पाहिजे? दुसऱ्या डोळ्याची पट्टी सुटली त्या दिवशी घरी आले, माझ्याकडे टक लावून बघितलं आणि म्हणाले, "नोबुए, तू एवढी म्हातारी कधी झालीस गं?" मी म्हटलं, "तुम्हाला दिसत नव्हतं तेव्हा उरकून घेतलं." खूप दिवसांनी इतके हसले. मग आईच्या फोटोसमोर जाऊन बसले ते उठेचनात. तिच्या किमोनोचा रंग निळा आहे हे ते विसरूनच गेले होते म्हणे. त्यानंतर घरभर फिरून प्रत्येक कोळिष्टक मला दाखवलं.

आता निरोप. बाबांनी सांगितला तसा लिहिते, माझं त्यात काही नाही. "तेरुओला कळव, यंदाच्या भात्याच्या पूजेला मी भट्टी बंद करणार. त्यानं त्या दिवशी यावं. ठसा पुसायचा आहे."

तू चाळीस वर्षं सेंदाईला विम्याच्या कचेरीत काढलीस, आपल्या घरची रीत तुझ्या लक्षात आहे की नाही देव जाणे. आठ नोव्हेंबरला भात्यापुढे संत्री आणि साके ठेवायची, ऐरण पुसायची, त्या दिवशी घण उचलायचा नाही, एवढं तरी आठवत असेल. बागकामाच्या कात्र्यांवर उठवायच्या आपल्या ठशाचं असं आहे, की एका लोहाराकडून तो दुसऱ्याकडे जायचा तर मोठ्या मुलाकडे जातो. मोठा मुलगा भट्टीवर बसला नाही, तर बापानं हात थांबवला त्या दिवशी त्याच मुलानं ठशावर पहिली कानस मारायची आणि तो सपाट करून टाकायचा. म्हणजे दुसऱ्या कुणी हरामखोरानं बगळ्याचं पाऊल आपल्या मालावर उठवायला नको. आजोबांच्या चुलतभावाचा ठसा असाच पुसला होता, म्हणे त्या दिवशी कुणी जेवलं नाही.

तर तू यायचं आहेस. आगगाडीचं आधी बघून ठेव.

बाकी इकडे ठीक. दोन-चार कात्र्या परत आल्या, पण ते काही विशेष नाही. मी रोज घण मारते, खाते, झोपते. मला या सगळ्याबद्दल काय वाटतं ते तू विचारलेलं नाहीस, म्हणून लिहीत नाही.

तुझी,
नोबुए

ता. क. कात्र्या परत आल्याचं बाबांपाशी काढू नकोस.


ओनो, २५ ऑक्टोबर

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. नमस्कार-चमत्कार राहू देत, मी रागावले आहे.

तू लिहितोस, "बाबांनी आता आराम करायलाच हवा, चांगला निर्णय आहे. तुझ्या लिहिण्यात मात्र काहीतरी आंबट लागलं. तू आमच्याकडे राहायला ये, मागची खोली रिकामीच आहे." दादा, तुझं मन मोठं आहे, पण मी काय करू तुझ्या मागच्या खोलीत? टीव्ही बघू? यांच्या पश्चात मी माहेरी आले तेव्हा सगळ्यांना वाटलं, बिचारी वडिलांना भात रांधून घालायला आली. आले मी भात रांधायलाच. मग शेवटचा गडी कारखान्यात निघून गेला आणि बाबांसमोर घण मारायला कुणी उरलं नाही. त्या दिवशी बाबांनी माझ्या दंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "हिच्या आजीचा दंड आहे हा." तेवढीच काय ती माझी नेमणूक. भट्टीच्या देवीला बाईचा मत्सर वाटतो, तिला बाई चालत नाही, याची मी आठवण करून दिली, तर म्हणाले, "तुझा हा अवतार बघून ती कशाला जळेल?"

घण चालला, भाता चालला, कोळसा फोडलेला चालला. पाणी पाजायचं तेवढं मात्र नाही. तापलेलं पातं पाण्यात कधी घालायचं, ते बाईनं करायचं नाही, हे आजोबांपासूनचं. मला त्याचं वाईटही वाटलं नव्हतं. भाता हलवत मी शेजारी उभी राहायची आणि बघायची.

आता कात्र्यांचं ऐक. मी उगाच लपवलं.

ऑगस्टच्या शेवटी क्योतोहून ओगिनोसान आले. तू त्यांना पाहिलेलं नाहीस. मंदिरांच्या बागा करणारे म्हातारे माळी, आपल्या भट्टीतल्या लांब मुठींच्या कात्रीशिवाय दुसरी कात्री हातात न घेणारे. एरवी कात्री पोस्टानं पाठवतात, या वेळी स्वतः गाडीनं आले. पंच्यात गुंडाळलेली नवी कात्री बाबांपुढे ठेवली, दोन्ही हात टेकून वाकले आणि म्हणाले, "यासुकिचीसान, माझा हात म्हातारा झाला असावा. कुंपण कातरताना पान चिंबतं, तुटत नाही." बघ ना, कात्री वाईट आहे असं त्या माणसाच्या तोंडून निघेना.

बाबांनी कानस घेतली आणि धारेवर हलकेच ओढली. चांगलं पाणी पाजलेल्या पोलादावर कानस घसरते, चावत नाही. ही चावली. कर्र असा आवाज आला. तो मी ऐकला, ओगिनोसाननीही ऐकला. ते झटकन बाहेर बघायला लागले आणि म्हणाले, "तुमच्याकडे यंदा डाळिंब बरं लागलंय."

मग दुसरी परत आली, तिसरी आली. उन्हाळ्यापासून केलेल्या सगळ्या मऊ. बाबांनी गिऱ्हाइकांना फोन करून माल परत मागवला. बरेच जण म्हणाले, "छे छे, उत्तम चालली आहे!" ते खरं बोलत होते की भिडेखातर, देव जाणे. बाबांनी नव्या केल्या, त्याही मऊ. मग सुरू झालं. पोलाद बदललंय. कोळसा ओला आहे. पाणी फार थंड आहे. शेवटी माझ्यावर आले: "तुझं मन कुठे असतं? घण वेडावाकडा पडतोय." मी भांडले. मी म्हटलं, घण माझा आहे तसाच आहे. त्या दिवशी आम्ही एका पंगतीला जेवलो नाही.

सप्टेंबरात डोळे तपासायला गेलो तेव्हा उलगडा झाला. डॉक्टर बाई भली आहे, तिनं काही चुकवलेलं नाही. तिनं सहज सांगितलं, आजोबा, तुमच्या डोळ्यातलं भिंग इतकी वर्षं चहासारखं पिवळं-तपकिरी होत गेलं होतं, ते काढून आम्ही स्वच्छ भिंग घातलं, आता सगळं उजळ दिसेल. बाबांनी विचारलं, "विस्तव पण?" ती म्हणाली, "विस्तव पण."

दादा, तुला कळतंय ना? तू लहानपणी भट्टीत होतास. पाणी पाजायचं ते दारं-खिडक्या बंद करून, अंधारात, नुसत्या रंगावर. मावळतीचा सूर्य आकाशातला नाही, खाचराच्या पाण्यातला, तो रंग आला की काढायचं, असं बाबा सांगायचे. डोळे इतके हळूहळू पिवळे होत गेले, की त्यांच्या मनातला रंगही बरोबरीनं सरकत गेला आणि हात कधी चुकला नाही. आता एका दिवसात सगळं उजळ झालं. पातं अजून पुरतं तापलेलं नसतं तेव्हाच त्यांना तो जुना रंग दिसतो आणि ते काढतात.

बसमध्ये बाहेर बघत म्हणाले, "म्हणजे आता दिसतं ते खरं, आणि आधी बघत होतो ते खोटं?"

मी म्हटलं, "तसंच काहीतरी."

"आणि खोट्यानं कात्र्या बरोबर होत होत्या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला डॉक्टरांना फोन करायला लावला. जुनी भिंगं ठेवली असतील तर परत बसवता येतील का, विचार म्हणाले. ती बाई हसली, आणि हे खरंच विचारताहेत हे कळल्यावर हसायची थांबली. मग बाबा मासे पकडायच्या सामानाच्या दुकानात जाऊन पिवळ्या काचांचा चष्मा घेऊन आले. तो लावून भट्टीसमोर बसले. मला हसूही येत होतं आणि रडूही. काही पाती कठीण झाली, काही मऊ, एकसारखं काहीच नाही. चष्मा त्यांनी भट्टीत टाकला. प्लास्टिकचा घाण धूर झाला.

त्याच संध्याकाळी त्यांनी भट्टी बंद करायचं ठरवलं आणि मला तुला पत्र लिहायला सांगितलं.

आता मी काय लपवत होते ते. चष्म्याच्या त्या दिवसांत मी भाता हलवत होते. पातं तापत होतं, बाबांनी ते काढलं, आणि माझ्या तोंडून नकळत निघालं, "अजून नाही." त्यांनी ऐकलं नाही. दुसऱ्या पात्यालाही तसंच झालं. घरी आल्यावर मी विचार केला, मला कसं ठाऊक, अजून नाही ते? अरे, इतकी वर्षं बाबा "आता" म्हणायचे तेव्हा त्यांच्या शेजारी उभी राहून त्याच पात्याकडे मीही बघत होते ना! त्यांचे डोळे बदलत गेले, माझे तसे बदलले नाहीत. तो रंग त्यांच्या डोळ्यांतून गेला, माझ्या डोळ्यांत राहिला आहे.

मागच्या आठवड्यात बाबा तपासणीला एकटेच गेले. बस वळणावरून दिसेनाशी झाली, तशी मी भट्टी पेटवली, फळ्या लावून घेतल्या आणि एका कात्रीच्या दोन पात्यांना पाणी पाजलं. सांडशी दोन्ही हातांनी धरली. देवीला म्हटलं, रागवायचं तर माझ्यावर रागव, पोलादाचं वाकडं करू नकोस. मग कानस घेतली.

कानस घसरली, दादा. काचेवरून घसरावी तशी घसरली. मी ऐरणीशी फतकल मारून बसले आणि पोरीसारखी रडले.

बाबांना सांगितलेलं नाही. ती पाती कोळशाच्या पोत्यामागे ठेवली आहेत.

तर आता आडपडदा न ठेवता लिहिते. ठसा पुसायला माझा जीव होत नाही. तो मला हवा आहे. मी चोपन्न वर्षांची विधवा बाई आहे आणि मला बगळ्याचं पाऊल माझ्या हातानं पोलादावर उठवायचं आहे, बस. हक्क तुझा आहे, मोठा मुलगा तू. तू बाबांना सांग, की माझा हक्क मी नोबुएला दिला. माझं नाही ऐकणार, तुझं ऐकतील. पोरींचं ऐकायची त्यांना सवय नाही आणि पोरांचं ऐकायची संधी त्यांना मिळाली नाही. हे तुला टोचावं म्हणूनच लिहिलंय.

यायला जमलं नाही तरी चालेल. एवढं सांग.

तुझी,
नोबुए


ओनो, १० नोव्हेंबर

दादा,

वहिनींना पायाला हात लावून नमस्कार. गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे कळून जीव भांड्यात पडला. तू त्यांना सोडून आला नाहीस हे बरंच केलंस, इथे कुणी मनाला लावून घेतलेलं नाही.

तू फोन केलास तेव्हा मी स्वयंपाकघरात बसून मुळा किसत होते आणि एकेक शब्द ऐकत होते. तुझं काही कळत नव्हतं, बाबांचं नुसतं "हं... हं..." चाललं होतं. शेवटी म्हणाले, "तू तुझा हक्क दिलास ना तिला? नक्की? बरं, ऐकलं मी." आणि फोन ठेवला. मी बोटाचं कातडं किसून घेतलं. तू हे माझ्यासाठी केलंस, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पुढे जे झालं, त्यात तुझा काही दोष नाही. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचून तू स्वतःला बोल लावून घेणार नाहीस.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पूजेच्या आदल्या दिवशी, बाबा भट्टीत आले आणि म्हणाले, "कोळशाच्या पोत्यामागची पाती बघितली मी. केव्हाच बघितली. पेटव."

मी पेटवली. ते भात्याकडे जाऊन बसले. मी उभीच राहिले, तर म्हणाले, "तिथे काय उभी राहतेस? तिकडे बस." तिकडे म्हणजे विस्तवासमोर, त्यांच्या जागेवर. त्यांनी फळ्या लावल्या, अंधार झाला. मी म्हटलं, "आणि देवी?" तर म्हणाले, "तिच्याशी मी बोललोय."

भाता हलायला लागला. पातं काळं होतं, मग गडद लाल झालं, मग हळूहळू उजळायला लागलं. मला बाबांचा श्वास ऐकू येत होता. एका क्षणी भाता अडखळला. मला कळलं, त्यांच्या मते आता काढायला हवं होतं. पण भाता पुन्हा चालू झाला, आणि मी बसूनच राहिले. तुला खोटं वाटेल, पण मला भीती वाटली नाही. खाचरातला सूर्य आला आणि मी पातं काढून पाण्यात घातलं. दुसरंही तसंच केलं.

फळ्या काढल्यावर बाबांनी कानस मारून बघितली. एकदा, मग पुन्हा, मग टोकाशी. दाराच्या उजेडात पातं कितीतरी वेळ फिरवत राहिले. मग म्हणाले, "मला तो रंग चुकीचा दिसला. आताही डोळ्यांपुढे आणतो तर चुकीचाच दिसतो. जळालं वाटलं मला. आणि पोलाद बरोबर आहे."

मी म्हटलं, "बाबा, तुम्हीच शिकवलंत."

"मी कुठे शिकवलं? तू चोरलंस. चांगलं केलंस."

तेवढ्यात त्यांनी कपाटातून ठसा काढला. दादा, मला वाटलं, आता माझ्या हातात देणार. मी हात पुसलेसुद्धा. त्यांनी तो माझ्या हातात दिला नाही. उतरत्या विस्तवात ठेवला, लाल होऊ दिला, आणि गवताच्या राखेत खोल पुरून टाकला.

मी लोहाराची मुलगी आहे. ठसा कठीण पोलादाचा असतो, कानसेला दाद देत नाही. तो पुसायचा असेल, तर आधी तापवून राखेत सावकाश निववून मऊ करावा लागतो. त्याचा अर्थ काय, ते मला कुणी सांगायला नको होतं. मी बाबांना जे बोलले ते लिहीत नाही. जन्मात त्यांना एवढ्या मोठ्या आवाजात बोलले नव्हते. ते ऐकून घेत विस्तव विझवत राहिले.

दुसऱ्या दिवशी भात्यापुढे संत्री मांडली, साके ठेवली, ऐरण पुसली. बाबांनी ठसा राखेतून काढून बाकावरच्या लोखंडी पकडीत आवळला आणि कानस माझ्यापुढे धरली. म्हणाले, "पहिला हात मोठ्या मुलाचा. तेरुओनं त्याचा हक्क तुला दिलाय. हा घे."

"ह्यासाठी नव्हता दिला त्यानं!"

"ठाऊक आहे."

"मग का? मी बाई आहे म्हणून? तसं असेल तर तसं सांगा."

तेव्हा ते ऐरणीवर टेकले. पूजेच्या दिवशी ऐरणीवर कुणी बसत नाही, पण ते बसले. म्हणाले, "मूर्ख आहेस. ऐक. उन्हाळ्यापासूनच्या माझ्या मऊ कात्र्या बाहेर आहेत. सगळ्या परत आल्या नाहीत आणि येणारही नाहीत. लोक चांगले आहेत, भिडेनं वापरत राहतील आणि आपलाच हात म्हातारा झाला म्हणतील. त्या प्रत्येकीवर बगळ्याचं पाऊल आहे. उद्या तू तेच पाऊल उठवलंस, तर कुणाला कळणार, कुठली माझी आंधळ्याची आणि कुठली तुझी? जन्मभर माझ्या कात्र्यांची माफी मागत बसशील. हा ठसा म्हणजे माझा डोळा होता, आणि माझा डोळा खोटं बोलला. तो मी तुझ्या गळ्यात बांधणार नाही. तू तुझा कोर."

मी म्हटलं, "आजोबांचा आहे तो. त्यांच्या वडिलांचा आहे."

"म्हणून तर," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला. आईच्या वेळी फुटला नव्हता, दादा.

मग मी कानस मारली. पहिला हात तुझ्या नावानं मारला, मनात तुझं नाव घेतलं. पोलाद राखेत मऊ झालं होतं, लगेच गेलं. आधी बगळ्याचं मधलं बोट गेलं, मग दोन्ही बाजूंची, मग नुसती चकचकीत जागा राहिली. बाबा शेजारी उभे होते, नव्या डोळ्यांनी सगळं स्वच्छ बघत होते. शेवटी त्यांनी अंगठ्यानं जागा चाचपली, "झालं" म्हणाले, आणि संत्री घेऊन शेजारपाजारच्या पोरांना वाटायला बाहेर गेले. मी हात-तोंड धुतलं. मला त्यांचा राग येत होता, आणि ते बरोबर होते याचा जास्तच येत होता. अजूनही येतो.

दुपारी ओगिनोसान आले. दरवर्षी येतात, क्योतोचं लोणचं घेऊन. ठसा पुसल्याचं बाबांनी त्यांना सांगितलं. त्यांनी मान खाली घातली. मग बाबांनी मला खुणावलं. आदल्या दिवशीची पाती मी सकाळपासून मन रमवायला घासली होती आणि जुन्या मुठींत बसवली होती. ती कात्री आणून मी पुढे ठेवली.

ओगिनोसान अंगणात गेले. कुंपणाला हात लावायच्या आधी त्यांनी मला विचारलं, हे विशेष वाटलं. मग कातरायला लागले. तो आवाज तुला आठवतो का रे? चिंबल्याचा नाही, तुटल्याचा. सर्र सर्र असा. बाबा ओसरीवर बसून संत्रं सोलत होते, त्यांचा हात थांबला आणि पुन्हा चालू झाला.

ओगिनोसान परत आले. पानांचा चीक पुसला आणि सवयीनं पातं उलटं केलं. ठशाच्या जागेवर अंगठा गेला. जागा गुळगुळीत. त्यांनी बाबांकडे बघितलं.

"हिच्यावर काही नाही. कुणाची आहे?"

मी बाबांकडे बघितलं. मला वाटलं, ते सांगतील. इतकी वर्षं गिऱ्हाइकाशी बोलणं त्यांचंच. त्यांनी मान वर केली नाही, संत्र्याच्या फोडीवरची शीर काढत बसले.

"माझी," मी म्हणाले. मग जरा मोठ्यानं पुन्हा म्हणाले, "माझी आहे."

ओगिनोसाननी कात्री ओसरीवर ठेवली, बाबांकडे असलेलं तोंड माझ्याकडे वळवलं, गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हात टेकून वाकले. म्हणाले, "अशीच आणखी एक करून द्याल का?" मला "द्याल का" म्हणाले, दादा. मला काय करावं सुचेना. मीही वाकले. कपाळ जमिनीला लागलं ते मला उचलवेना.

अजून ठसा नसलेली तुझी बहीण,
नोबुए, लोहार